वाळला का?

वर्धा हे बिनरंगाच्या वस्तूंचं गाव आहे. सेवाग्रामच्या कुट्या मातीच्या आणि शेणाने सारवलेल्या, खादी कापसाच्या रंगाची, पेटीचरखा लाकडाच्या रंगाचा. 1934 साली मगनवाडीत ग्रामोद्योग संघ आला, 1938 साली गांधीजींच्या हस्ते मगन संग्रहालय उघडलं, आणि तेव्हापासून वस्तूने आपलं मूळ अंग झाकू नये असा इथे जणू अलिखित दंडकच आहे. अशा गावात एका निवृत्त माणसाला आगगाडीचं इंजिन करावंसं वाटलं, तिथवर कुणाची हरकत नव्हती. निवृत्त माणसाला काहीही वाटू शकतं. पण त्या इंजिनाला टिकाऊ रंग द्यायचा, नखाने खरवडला तरी निघणार नाही असा, हे त्यांनी आर्वी नाक्यावर चहा पिताना चारचौघांत बोलून दाखवलं. त्यानंतर ते इंजिन एकट्या त्यांचं राहिलं नाही.

या गृहस्थांना सगळे सर म्हणतात. आय.टी.आय.मध्ये फिटर घडवण्यात त्यांची नोकरी गेली. त्यामुळे कानस, सूत आणि सहनशक्ती या तिन्ही गोष्टी त्यांच्याकडे मुबलक आहेत. इंजिन त्यांनी निवडलं पुलगाव–आर्वी लाईनवरचं. 1917 साली सुरू झालेली ही 35 किलोमीटरची छोटी रेल्वे, रुळांमधलं अंतर अडीच फूट. यवतमाळ–मूर्तिजापूरच्या शकुंतलेची ही धाकटी बहीण; आपल्याकडची जुनी माणसं हिलाही शकुंतलाच म्हणतात. तिकडच्या शकुंतलेला मँचेस्टरमध्ये 1921 साली बांधलेलं वाफेचं इंजिन होतं आणि ते 15 एप्रिल 1994 पर्यंत गाडी ओढत राहिलं. आपल्याकडच्या कूलरची मोटार तीन उन्हाळे काढत नाही, तिथे हे.

सरांनी प्रमाण धरलं एकास चोवीस. 762 मिलिमीटरला 24 ने भागलं की 32 च्या आसपास येतात, आणि 32 मिलिमीटरचे छंदाचे रूळ जगभर तयार मिळतात. जगभर मिळतात म्हणजे वर्ध्यात मिळत नाहीत, म्हणून तेही सरांनीच केले. बॉयलरला पितळी पत्रा भांड्यांच्या दुकानातून आला, केबिनला पत्रा तेलाच्या डब्याचा, आणि सगळं जोडलं डाख देऊन. बारीकसारीक सुटे भाग ठेवायला गोरसपाक बिस्किटांची रिकामी खोकी लागत. ती रिकामी करण्याचं काम माझ्याकडे होतं. या प्रकल्पात माझा वाटा एवढाच, पण तो मी निष्ठेने उचलला.

आता रंग. आपल्याकडे रंगाच्या बाबतीत अडाणी माणूस सापडत नाही, आणि त्याला कारण कूलर आहे. दरवर्षी होळीच्या सुमारास विदर्भातल्या घराघरांतून कूलर खाली उतरतो, त्याच्या ताट्या बदलतात, आणि घरातला कर्ता पुरुष बनियनवर बसून त्याला ऑइलपेंटचा हात मारतो. ज्याने आयुष्यात बारा-पंधरा वेळा कूलर रंगवला त्याला आपण रंगशास्त्राचे पदवीधर आहोत असं वाटणारच. नाक्यावरच्या अशाच एका पदवीधराने सरांना सल्ला दिला.

"ऑइलपेंट मारून द्या ना सर, दोन हात. आमच्या कूलरले मारला, टकाटक दिसते."

"कधी मारला?"

"मागच्या उन्हाळ्यात."

"आता आहे का तो रंग?"

"आता कसा राहीन? यंदा पुन्हा मारू ना!"

यावर सरांनी जे सांगितलं ते ऐकून नाक्यावरचा चहा निवला. कूलरचा पत्रा गॅल्व्हनाइज्ड, म्हणजे लोखंडावर जस्ताचा मुलामा. ऑइलपेंटमध्ये तेलाचे अंश असतात. जस्त आणि तेल ओलाव्यात भेटले की त्यांचा साबण होतो. अलंकारिक अर्थाने नव्हे, रसायनशास्त्राच्या अर्थाने साबण. रंग आणि पत्रा यांच्या मधोमध हा साबणाचा पापुद्रा तयार होतो आणि त्यावरून रंग सरळ घसरून निघतो. म्हणजे दर होळीला आपण कूलरला साबण लावतो आणि मग चार महिने त्यावर पाणी सोडतो. विदर्भात कूलरइतकं नियमित स्नान कुणाचंच होत नाही.

"मंग काय करायचं?"

"आधी वॉश प्रायमर. त्यात फॉस्फरिक आम्ल असतं. ते धातूला किंचित चावतं, म्हणून वरच्या रंगाला धरायला जागा मिळते. पितळेलाही तेच. गुळगुळीत धातूवर नुसता रंग बसत नाही, तो फक्त टेकतो."

दुसरा सल्ला आधुनिक होता. "कायले एवढी मेहनत करता सर? एमआयडीसीत द्या, पावडर कोटिंग करून भेटते." सल्ला चांगला आहे. पावडर कोटिंग हा खरोखर कणखर प्रकार. विजेच्या भाराने कोरडी पावडर धातूला चिकटवायची आणि 180 ते 200 अंशांच्या भट्टीत ती वितळवून एकजीव करायची. खुर्च्या, फाटकं, सायकली यांना याहून चांगलं काही नाही. अडचण एवढीच की कथील-शिशाचा नेहमीचा डाख 183 अंशांपासून मऊ पडायला लागतो आणि 190 पर्यंत पाणी होतो. इंजिन भट्टीत इंजिन म्हणून गेलं असतं आणि बाहेर येताना सुट्या भागांचा संच म्हणून आलं असतं, प्रत्येक भाग मात्र सुंदर रंगवलेला.

तिसरा सल्ला गावाच्या परंपरेला धरून आला. गल्लीत एक खादीधारी आजोबा आहेत. त्यांनी शेणाचा रंग सुचवला. हसण्यासारखं काही नाही; 12 जानेवारी 2021 रोजी खादी ग्रामोद्योग आयोगाने शेणापासूनचा प्राकृतिक पेंट बाजारात आणला, आणि तो घडवणारी जयपूरची संस्था ज्या कुमारप्पांच्या नावाने चालते ते जे. सी. कुमारप्पा इथेच मगनवाडीत बसून ग्रामोद्योग संघ चालवत होते. म्हणजे नातं थेट आहे. पण तो रंग भिंतीसाठी, डिस्टेंपर आणि इमल्शनच्या जातीचा. आजोबांना हे पटलं नाही. भिंत काय आणि बॉयलर काय, शेवटी दोन्ही उभेच, असा त्यांचा युक्तिवाद होता. सरांनी त्यांना चहा पाजला. सरांचं हे एक आहे, ज्याचा सल्ला घ्यायचा नाही त्याला ते चहा पाजतात. त्या काळात त्यांचं चहाचं बिल रंगाच्या बिलापेक्षा जास्त झालं.

पण सगळ्यांत मोलाची सूचना आली सरांच्या आईकडून. नव्वदीच्या आहेत. त्या म्हणाल्या, "मारुतीले कधी रंग उडालेला पाह्यला का? शेंदूर लाव." सर क्षणभर गप्प झाले, कारण म्हातारी अगदी बरोबर बोलली होती. शेंदूर म्हणजे शिशाचा ऑक्साईड. हाच शेंदूर जवसाच्या तेलात खलून जगभरच्या लोखंडी पुलांना आणि जहाजांना पहिला हात देत असत. गंज रोखण्यात त्याचा हात धरणारं दुसरं काही फार काळ नव्हतं. आपण जवसाची चटणी करतो आणि शेंदूर मारुतीला लावतो. दोन्ही एकत्र केले असते तर पूल झाले असते.

मात्र शेंदराला दोन खोडी आहेत. एक, शिसं विषारी. म्हणून तर 2016 च्या नियमांनी घरगुती रंगांतलं शिसं दहा लाख भागांत 90 भागांवर आणून ठेवलं. सरांचा नातू हातात येईल ते आधी तोंडात घालून मग त्याचं नाव विचारतो, तेव्हा हा मुद्दा निकालात निघाला. दुसरी खोड, थरावर थर चढत जाणं. 2022 साली वणीच्या सप्तशृंगीवरचा शेंदराचा लेप काढला तेव्हा खालचं मूर्तीचं मूळ रूप कितीतरी काळाने भक्तांना दिसलं. छोट्या वस्तूंचं हेच होतं, फक्त शतकं लागत नाहीत, एका दुपारीत होतं. खऱ्या इंजिनावरच्या रिव्हेटचं डोकं इंचभर धरलं तर सरांच्या इंजिनावर ते मिलिमीटरभर. रंगाचा एक पातळ हात वाळल्यावर साधारण 25-30 मायक्रॉनचा थर राहतो. ब्रश भरभरून चार जाड हात मारले की रिव्हेट गेले, दारांच्या कडा गेल्या, आणि उरतो तो सुजलेला एक डबा. टिकाऊ म्हणजे जाड, हा समज आपल्याकडे चटईपासून चपलेपर्यंत सगळीकडे आहे, पण रंगाला तो लागू नाही. जाड थर वरून वाळतो, आतून ओला राहतो आणि पुढे सुरकुततो.

म्हणून तेलाच्या डब्याच्या पत्र्याला सरांनी शेंदराचा गरीब आणि निरुपद्रवी भाऊ, म्हणजे रेड ऑक्साईड, घेतला आणि पितळेला वॉश प्रायमर. ते लावण्याआधी जे झालं ते मात्र गल्लीच्या इतिहासात नोंदवण्यासारखं आहे. सर भांडी घासायला बसले.

टिकाऊ रंगाची पहिली अट रंगाचा डबा उघडण्याच्या कितीतरी आधी सुरू होते आणि तिचं नाव घासणं. डाख देताना लावलेलं फ्लक्स राहिलं तर ते रंगाखाली बसून धातू खात राहतं. हाताचं तेल राहिलं तर बोटाच्या ठशाच्या आकारात रंग सुटतो. तेव्हा आधी चिंच, मग पितांबरी, मग गरम पाणी आणि साबण, मग 400 नंबरचा पाणीपेपर, मग पुन्हा साबण, शेवटी थिनरचा फडका. अंगणातल्या मोरीवर सर दुपारभर हे करत बसले आणि काकू स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहून शांतपणे बघत होत्या. इतक्या वर्षांच्या संसारात त्यांनी हे दृश्य पाहिलेलं नव्हतं. शेवटी त्या एवढंच म्हणाल्या, "अहो, कढईसुद्धा पितळीच आहे."

फडक्याचाही एक घोळ आहे. पुसायला घरात खादीचे जुने तुकडे होते. खादी मऊ, पाणी शोषणारी, सगळं खरं. पण तिचे तंतू निघतात आणि रंगात जाऊन बसतात. देशप्रेमाचा भाग सोडला तर ओल्या रंगात तंतू नको. अखेर जुनी नायलॉनची साडी निघाली.

आता मुहूर्त. वर्ध्यात धातू कधी रंगवावा हा पंचांगाचा विषय व्हायला हवा. मे महिन्यात पारा 45 च्या वरही जातो. नवतप्यात गनमधून उडालेल्या रंगातलं थिनर वाटेतच उडून जातं आणि वस्तूवर पोचते ती कोरडी भुकटी. हात फिरवला तर पाणीपेपर. पावसाळ्यात उलटं. हवेतला ओलावा ड्युको रंगाच्या थरावर बसतो आणि काळा रंग पांढरट, धुरकट होतो. ऑइलपेंट तर ऑगस्टात इतका वेळ चिकट राहतो की त्यावर डास बसतात आणि कायमचे राहतात. राहिला हिवाळा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी, सकाळी दव गेल्यावर आणि वारा सुटायच्या आत. लग्नाचे मुहूर्त याहून ढिले असतात.

आणि हिवाळ्यात मोकळा बसलेला कूलर कामी आला. सरांच्या परसात एक जुना, मोटार काढलेला सांगाडा होता. मोटारवाला का नको, तर थिनरची वाफ पेटायला मोटारीची एक ठिणगी पुरते. हे सरांनी गल्लीतल्या पोट्ट्यांना इतक्यांदा सांगितलं की आता ती पोट्टी एकमेकांना तेच सांगून घाबरवतात. त्या सांगाड्याच्या तळाशी पाणी शिंपडायचं म्हणजे धूळ उडत नाही, मध्ये खुंटीवर इंजिन टांगायचं, आणि तीन बाजूंनी प्लास्टिक. थर वाळून थिनरचा वास पूर्ण गेला की मग आत दोन पिवळे बल्ब लावून ऊब द्यायची. ऊब मिळाली की रंग लवकर आणि कठीण होतो. आजीच्या शिवणयंत्राचा तो काळा रंग पिढ्यानपिढ्या का टिकला, याचंही उत्तर भट्टीतच आहे. तो रंग भाजून पक्का केलेला असे. उन्हाळाभर थंडी देणाऱ्या सांगाड्याने हिवाळ्यात भट्टीचं काम करावं, ही विदर्भाबाहेर कळणार नाही अशी गंमत आहे.

इथवर सगळं सुरळीत होतं. खरा शत्रू यानंतर आला, आणि तो ना गंज होता, ना धूळ, ना ओलावा. तो तर्जनीच्या रूपाने आला.

ऑइलपेंट नुसता सुकत नाही, हवेतला ऑक्सिजन घेऊन हळूहळू घट्ट होतो, जवसाच्या तेलासारखाच. चार तासांत तो हाताला लागेनासा होतो, दुसऱ्या दिवशी कडक वाटतो, पण आतपर्यंत पक्का व्हायला आठवडा किंवा जास्तही घेतो. हा आठवडा माणसाला सोसत नाही. 'रंग ओला आहे' ही पाटी आपल्याकडे सूचना म्हणून वाचलीच जात नाही. तो एक दावा आहे आणि प्रत्येक नागरिकाने तो स्वतः तपासून पाहायचा असतो. आमच्या गल्लीत त्याचे तीन पंथ आहेत. पहिला पंथ बोट लावतो आणि मग विचारतो, "वाळला का?" दुसरा आधी विचारतो, "वाळला का?", आपण नाही म्हणतो, आणि मग तो खात्री करून घेतो. तिसरा पंथ धूर्त, तो वस्तू उचलून खालच्या बाजूला बोट लावतो, म्हणजे कुणाला दिसत नाही. पकडलं तर तिघांचंही उत्तर एक, "फक्त पाहून राहिलो ना सर." बॉयलरच्या पहिल्या हातावर पोलिसांना उपयोगी पडतील इतके स्पष्ट ठसे उमटले. सरांनी त्यातले दोन ओळखलेही, पण शेजारधर्म म्हणून गप्प राहिले.

मग त्यांनी जी युक्ती काढली तिला मी मनापासून दाद देतो. इंजिनाला जो रंग ज्या वेळी दिला, तोच त्याच वेळी पितळेच्या एका पट्टीलाही दिला आणि ती पट्टी कूलरच्या बाहेर तारेने टांगून वर लिहिलं, 'बोट इथे लावा'. गल्लीचं समाधान झालं. येणारा-जाणारा पट्टीला बोट लावतो, मान हलवतो, "अजून थोडा कच्चा आहे" असा अभिप्राय देतो आणि कर्तव्य केल्याच्या आनंदात पुढे जातो. इंजिनाकडे कुणी फिरकत नाही.

पट्टीचा खरा उपयोग वेगळाच होता. पंधरवड्याने सरांनी ती खाली उतरवली, ब्लेडने तिच्यावर उभ्या-आडव्या रेघा मारून बारीक चौकड्या पाडल्या, वर चिकटपट्टी दाबून बसवली आणि एका झटक्यात ओढली. रंगकारखान्यांतही पकड अशीच तपासतात. एकही चौकडी उठली नाही. शेजारी, तुलनेसाठी, नुसता ऑइलपेंट मारलेली न घासलेली पट्टी होती. तिचा रंग चिकटपट्टीबरोबर सगळाच्या सगळा आला आणि खालचं पितळ लख्ख हसलं. बघायला बरीच मंडळी जमली होती. कूलरवाले पदवीधर मात्र काही न बोलता निघून गेले. यंदा त्यांनी वॉश प्रायमरचा डबा आणल्याचं कळतं.

यशाची किंमत असते. काकूंनी फाटक पुढे केलं. कुणी सिलिंडरची ट्रॉली आणली, कुणी तुळशीवृंदावनाची जाळी. एका गृहस्थांनी तर बजाजची चेतक स्कूटरच ढकलत आणली. त्यांचा मुद्दा भावनिक होता. बजाज ऑटोची नोंदणी 1945 साली बछराज ट्रेडिंग कॉर्पोरेशन या नावाने झाली, आणि हे शेठ बछराज आपल्या वर्ध्याचे, जमनालालजी बजाज त्यांच्याच घरी दत्तक आले. तेव्हा वर्ध्यात चेतक गंजू देणं म्हणजे घरच्या देवाला पारोसं ठेवणं. सरांनी चेतकची पाहणी केली आणि त्यांना चहा पाजला.

"पण सर, एकदा मारला की कायमचा ना?" हा प्रश्न प्रत्येकाचा. कायमचा रंग जगात नाही. पॅरिसच्या आयफेल टॉवरला साधारण दर सात वर्षांनी सुमारे 60 टन रंग लागतो, आणि फ्रेंच लोक त्याबद्दल नाक्यावर तक्रार करत नाहीत. सरांचं म्हणणं एवढंच की नातवाच्या हाताळण्याने रंग जाऊ नये. नातवापुढे आयफेल टॉवर टिकला असता की नाही, याची त्यांना खात्री नाही.

सध्या चेसी, चाकं आणि बॉयलर काळे होऊन पक्के झाले आहेत. केबिनच्या दोन्ही बाजू मात्र लाल प्रायमरमध्येच थांबल्या आहेत, कारण खऱ्या इंजिनाची केबिन कोणत्या रंगाची होती यावर एकमत नाही. त्या गाडीने शाळेत गेलेले दोन ज्येष्ठ नागरिक नाक्यावर आहेत. एक म्हणतात काळी, दुसरे म्हणतात हिरवी. दोघांचा या विषयावरून अबोला आहे. सरांकडे असलेले फोटो कृष्णधवल, आणि आईला विचारलं तर त्या म्हणतात, "काजळीच्या रंगाची होती. रूमालानं नाक पुसलं की तोच रंग."

तेव्हा पुलगाव–आर्वीचं वाफेचं इंजिन ज्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं असेल, त्यांनी केबिनचा रंग कृपया सरांना कळवावा. हिवाळा संपायच्या आत कळवावा. रंगीत फोटो असेल तर उत्तमच. नुसती आठवण असेल तर एकेकट्याने यावं, दोघांनी मिळून येऊ नये. चहा मिळेल, मात्र चहा मिळाला की काय समजायचं ते वर सांगितलंच आहे.